रिकाम्या नळीत काय सापडलं?

नमस्कार मंडळी. आधी ही बाटली बघा.

(बाटली कॅमेऱ्याजवळ)

दोन महिन्यांपूर्वी मी हिच्यात ओढ्यातला काळा चिखल भरला. त्यात वर्तमानपत्राचे कपटे आणि एका अंड्याचा बलक कालवला, वर ओढ्याचंच पाणी ओतलं, झाकण सैल लावलं आणि खिडकीत ठेवून दिली. आता बघा, तळाशी काळा थर आहे, त्यावर हिरवट, आणि इथे, माझ्या बोटापाशी, जांभळट लाल पट्टा. रंग कुणीही घातलेला नाही.

चिखलातल्या जिवाणूंनी कागद कुजवला आणि खालचा ऑक्सिजन संपवला. मग गंधकावर जगणाऱ्यांची पाळी आली. त्यांनी हायड्रोजन सल्फाइड सोडला, सडक्या अंड्याचा वास येतो तोच वायू. तो खालून वर चढतो, उजेड खिडकीतून येतो, आणि हे दोन्ही ज्याला हवेत तो जांभळा जिवाणू नेमका इथे वस्तीला आला. सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८८० च्या दशकात ही युक्ती शोधली, म्हणून हिला विनोग्राडस्कीचा स्तंभ म्हणतात.

मला बऱ्याच मुलामुलींचे मेसेज येतात की मायक्रोबायोममध्ये, म्हणजे एका जागी मिळून राहणाऱ्या सूक्ष्मजीवांवर, काम करायचंय, कोणता कोर्स करू, कुठल्या परिषदेला जाऊ? त्याचं उत्तर मी या बाटलीपासून सुरू करते, कारण या विषयातला सगळ्यात गाजलेला कोर्स असल्याच चिखलातून उभा राहिला.

कॅलिफोर्नियात पॅसिफिक ग्रोव्ह नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. तिथे स्टॅनफर्ड विद्यापीठाचं हॉपकिन्स मरीन स्टेशन आहे. कॉर्नेलिस व्हॅन नील हा डच माणूस तिथे आला आणि १९३० पासून १९६२ पर्यंत उन्हाळ्यात सूक्ष्मजीवशास्त्राचा वर्ग चालवत राहिला. विद्यार्थी मोजके. व्हॅन नील तासन् तास बोलत, पण उत्तर हातात देत नसत, प्रश्नांवर प्रश्न विचारत. अमुक जिवाणू हवा असेल, तर त्याला काय आवडतं आणि इतरांना काय सोसत नाही, हे आधी तुम्ही ठरवा. मग तशी बाटली भरा. बाटलीत तोच वाढला, तर तुमचा तर्क बरोबर.

या जांभळ्या जिवाणूंवरच त्यांचं मोठं काम आहे. हे जिवाणू प्रकाशावर अन्न बनवतात, पण ऑक्सिजन सोडत नाहीत. ते पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइड वापरतात, आणि मागे गंधक उरतो. व्हॅन नील यांनी १९३१ च्या सुमारास यावरून मांडलं, की मग झाडं सोडतात तो ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधला नसणार, पाण्यातलाच असणार! पुढे १९४१ मध्ये जड ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजनचाच जास्त वजनाचा प्रकार, वापरून केलेल्या प्रयोगांनी त्याला दुजोरा दिला. तुळशीच्या पानात काय चाललंय ते चिखलातल्या जिवाणूने सांगितलं. मी हे कितीही वेळा शिकवलं तरी मला भरून येतं.

१९५३ च्या उन्हाळ्यात या वर्गात आर्थर कॉर्नबर्ग बसले होते. वय ३५, एन्झाइमच्या कामात नाव झालेलं, आणि सेंट लुइसला सूक्ष्मजीवशास्त्र विभागाचे प्रमुख म्हणून निघालेले. विभाग सांभाळायचा तर विषय मुळापासून शिकायला हवा, म्हणून ते विद्यार्थी झाले. सहा वर्षांनी त्यांना नोबेल मिळालं. वय झालं, आता कसला कोर्स करू, असं विचारणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा.

व्हॅन नील यांचा वर्ग थांबला, पण ती पद्धत टिकली. अमेरिकेच्या दुसऱ्या किनाऱ्यावर, मॅसॅच्युसेट्समधल्या वुड्स होलला, होल्गर यानाश यांनी १९७१ मध्ये उन्हाळी कोर्स सुरू केला. तो आज ‘मायक्रोबियल डायव्हर्सिटी’ नावाने ओळखला जातो. साधारण सहा आठवडे चालतो. जवळच सिपेविसेट नावाची खारी दलदल आहे. विद्यार्थी तिथे चिखलात उतरतात, आणि या बाटलीतले थर तिथे जमिनीतच रंगीत गालिच्यासारखे दिसतात. त्याच कोर्समध्ये डीएनए वाचणं आणि कॉम्प्युटरवरचं विश्लेषणही असतं.

आता मुद्द्यावर येते.

डीएनए वाचणं स्वस्त झालं तसं सूक्ष्मजीव वाढवून बघण्याची गरज संपली, असं अनेकांना वाटलं. नमुना घ्या, किटने डीएनए काढा, १६एस जीन, म्हणजे जिवाणूची ओळख पटवणारा जनुक, वाचा, यादी तयार. विष्ठेच्या नमुन्यात हे ठीक चालतं, कारण तिथे जिवाणूंचा सुकाळ आहे. २०१६ च्या एका हिशोबानुसार आपल्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू आहेत, आणि त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात. पण जिथे जिवाणू जवळजवळ नसतातच, तिथे? रक्तात, किंवा वारेत, म्हणजे गर्भाला पोसणाऱ्या प्लॅसेंटात?

२०१४ मध्ये एका संशोधक गटाने सोपी परीक्षा घेतली. साल्मोनेला बोंगोरी या एकाच जिवाणूचं शुद्ध कल्चर घेतलं आणि दरवेळी दहापट पातळ करत गेले. प्रत्येक पायरीवर किटने डीएनए काढून वाचला. सुरुवातीला साल्मोनेलाच दिसला. पातळ होत गेलं तशी यादीत भलतीच नावं वाढली, मातीतली, पाण्यातली. ती नळीत कुणी घातली नव्हती. ती किटमधल्या द्रावणांतून आणि प्रयोगशाळेतून आली होती. आपण म्हणतो ना, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? इथे आडात नसलेलं पोहऱ्यात आलं, म्हणजे पोहराच आधीपासून ओला होता.

त्याच वर्षी एका अभ्यासाने सांगितलं होतं की गरोदर बाईच्या वारेत जिवाणूंची स्वतःची वस्ती असते. केवढी बातमी झाली! बाळाला पोटातच जिवाणू मिळतात, असं सगळीकडे छापून आलं. पुढची काही वर्षं परिषदांमध्ये आणि शोधनिबंधांमध्ये यावर वाद झडला. २०१९ मध्ये केंब्रिजच्या गटाने ५३७ बायकांच्या वारांचे नमुने तपासले. ते दोन वेगळ्या पद्धतींनी आणि वेगवेगळ्या किटने पडताळले. जे सापडलं त्यातलं बहुतेक किटमधलं, नाहीतर प्रसूतीच्या वेळी लागलेलं निघालं. खरा ठरला तो एक जिवाणू, ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस, तोही जवळपास पाच टक्के नमुन्यांत. तो नवजात बाळाला आजारी पाडू शकतो, म्हणून हा शोध महत्त्वाचाच आहे. पण कायमची वस्ती काही सापडली नाही.

हे सगळं रिकाम्या नळीवर उभं आहे. नमुना न घालता, बाकी सगळं तसंच करून चालवलेली नळी. आम्ही तिला ब्लँक म्हणतो. शिकत असताना माझ्या पहिल्याच पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या प्रयोगात, ब्लँकच्या रांगेत पट्टी चमकली होती, म्हणजे रिकाम्या नळीतही कुठून तरी डीएनए शिरला होता. बाकीच्या पट्ट्या इतक्या सुंदर आल्या होत्या की मला ती दिसूच नये असं वाटत होतं. मॅडमनी जेलकडे पाहिलं आणि सगळ्या नळ्या टाकून द्यायला सांगितल्या. तीन दिवसांचं काम होतं. मी रडले, आणि चौथ्या दिवशी नव्या पाण्याने पुन्हा सुरुवात केली.

म्हणून वर्कशॉपची फी भरण्याआधी फोन करून दोन गोष्टी विचारा. डीएनए मी माझ्या हाताने काढणार का? आणि ब्लँक चालवून त्याचे आकडे आम्हाला दाखवणार का? उत्तर गोलगोल आलं, तर तुम्ही सर्टिफिकेटचे पैसे भरताय.

मोठ्या परिषदांचं म्हणाल, तर सूक्ष्मजीव परिसंस्थेवरची आंतरराष्ट्रीय परिषद, आयएसएमई, दर दोन वर्षांनी भरते. २०२२ मध्ये लोझानला झाली, २०२४ मध्ये केप टाउनला. तितकं लांब जाणं परवडत नसेल, तर भारतीय सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांची संघटना, एएमआय, १९३८ पासून आहे. तिची वार्षिक परिषद गाठा आणि पोस्टरपाशी उभे राहा. पोस्टर करणाऱ्या मुलीला विचारा, तुझा ब्लँक कसा आला? तिथली दहा मिनिटं मोठ्या भाषणापेक्षा जास्त शिकवून जातात.

आणि पुण्याकडे बघा. एनसीसीएस या पेशीविज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थेतलं राष्ट्रीय सूक्ष्मजीव केंद्र, एनसीएमआर, जिवंत जिवाणू जपून ठेवतं आणि ओळखून देतं. आघारकर संशोधन संस्थेने २०२० मध्ये गुलाबी झालेलं लोणारचं पाणी तपासलं. नमुना स्थिर ठेवला, तर रंग तळाशी बसला आणि वरचं पाणी नितळ झालं. म्हणजे रंग पाण्यात विरघळलेला नव्हता, तो खाऱ्या पाण्यातल्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांचा होता. भांडं हलवायचं नाही आणि वाट बघायची, एवढ्यावर अर्धं उत्तर मिळालं.

पुढच्या व्हिडिओत ही बाटली उघडते. मायक्रोस्कोप इथेच मांडते, आणि दोन स्लाइड करते. एकीवर जांभळ्या पट्ट्यातला थेंब, दुसरीवर नुसतं पाणी. नुसतं पाणी आधी बघू.