तीन दगडांत रंगीत जाहिरात

दिव्याच्या तेलाची ही जाहिरात. तेलाचं नाव साक्सोलेइन, चित्रकार ज्यूल शेरे, पॅरिस, 1890 चं दशक. जवळपास सव्वा मीटर उंचीचा हा कागद मोजक्या दगडांवरून छापला आहे. या पद्धतीला शिळाछाप (लिथोग्राफी) म्हणतात.

दगड बव्हेरियातल्या सोल्नहोफेनचा, बारीक पोताचा चुनखडक. दाबाखाली तडकू नये म्हणून तो जाडच घ्यावा लागतो. दोन दगड तोंडाला तोंड लावून, मध्ये वाळू-पाणी घालून घासले की जुनं चित्र निघून जातं आणि नव्या चित्रासाठी दाणा, म्हणजे बारीक खरखरीतपणा, येतो. त्यावर तेलकट खडूने उलटं चित्र काढायचं. हात मात्र टेकवायचा नाही. बोटांचं तेलही दगड शोषतो आणि ठसा छापून येतो.

मग डिंकाचं पाणी, त्यात थोडं नायट्रिक आम्ल. आम्ल जास्त झालं तर फिक्या छटा उडतात, कमी पडलं तर कोऱ्या जागेवरही शाई चढते. टर्पेंटाइनने खडू पुसला की चित्र जवळजवळ दिसेनासं होतं, पण तेल दगडात मुरलेलं असतं. ओला स्पंज फिरवून शाईचा रूळ चालवला की ओली जागा शाई झिडकारते, तेलकट जागा धरते.

रंगीत शिळाछापाचं पेटंट फ्रेंच मुद्रक एंगेलमनने 1837 साली घेतलं. पण महागड्या चित्रांना दहा-पंधरा दगड लागायचे, प्रत्येक रंगाला एक, आणि प्रत्येक दगडासाठी कागद पुन्हा यंत्रात घालावा लागायचा. भिंतीवर पावसात भिजणाऱ्या जाहिरातीला हे कसं परवडणार? शेरेने 1866 मध्ये पॅरिसला छापखाना काढला आणि पुढे तीन दगडांत काम बसवलं: एक काळा, एक लाल आणि तिसऱ्यावर एकाच रुळाने वर थंड, खाली उबदार अशी उतरती पार्श्वभूमी. मधल्या छटांसाठी तो शाईचे तुषार उडवायचा. जिथे तुषार नकोत, तिथे आधी डिंक लावून ठेवायचा. पोस्टरची ती मोकळी, झगझगीत शैली या काटकसरीतूनही घडली.

1881 च्या फ्रेंच कायद्याने भिंतीवर जाहिराती लावायला मोकळीक मिळाली आणि मागणी वाढली.

सगळ्यात चिवट अडचण रंगांच्या जुळणीची. मूळ रेषा लाल भुकटीने प्रत्येक दगडावर उतरवत. भुकटीत तेल नसल्याने ती छापली जात नसे. पण कागद दमट हवेत फुगतो, वाळला की आकसतो, आणि लाल रंग चित्रातल्या ओठांबाहेर सरकतो. म्हणून कागद आधी छापखान्याच्याच हवेत टांगून ठेवत. शेवटच्या रंगाला जुळणी चुकली, तर आधीचे सगळे रंग चढलेला कागद वाया जाई.