थंडीतली आग आणि मार्चमधला वणवा

नमस्कार मंडळी. जानेवारी चाललाय, पन्हाळ्याकडं जाताना डोंगराचं गवत बघितलं असेल तुम्ही, पार पिवळं पडलंय, आणि मला ह्याच दिवसांत धाकधूक लागते कारण मार्च आला की रात्री जोतिबाच्या डोंगराच्या अंगाला कुठंतरी लाल रेघ दिसतेच.

आपल्यात अजून समजूत आहे, गवत पेटवलं की पुढच्या साली जोमात येतंय. पहिल्या पावसात हिरवं दिसतं हे खरं, पण राख आणि उघडी पडलेली माती ओढ्याला जाते आणि जळलेल्या जागी रानमोडीचं तण उठतं. त्याला जनावरं तोंड लावत नाहीत, आणि उन्हाळ्यात वाळलं की पुढच्या वणव्याला तेच सरपण.

मग आग लावायचीच नाही का? तसं नाही, नीट ऐका. फॉरेस्टवाले थंडीत जाळरेषा काढतात, म्हणजे दोन्ही कडांचं गवत कापून मधला पट्टा सकाळी वारा पडलेला असताना, माणसं उभी करून जाळायचा, मग वणवा तिथवर आला तरी त्याला खायला काही उरत नाही. कर्नाटकात बिळिगिरीरंगन डोंगरात सोलिगा लोक असंच करायचे, ऊन तापायच्या आधी पालापाचोळ्याची हलकी आग, तिला ते तरगु बेंकी म्हणतात. 1974 ला अभयारण्य झालं, आग लावणं बंद झालं, पुढं घाणेरीची झुडपं माजली, आणि आता आग पेटली की घाणेरीवरनं झाडावर चढते असं तेच सांगतात. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

पण म्हणून कुणी एकट्यानं काडी टाकू नका, राखीव जंगलात आग लावणं 1927 च्या वन कायद्यानं गुन्हा आहे, वनरक्षकाला बरोबर घ्यायचंच. भाताच्या रोपांसाठी तरवा भाजणाऱ्यांनो, हात जोडतो, वाफ्याभोवतीची जागा आधी साफ करा, दुपारच्या वाऱ्यात पेटवू नका, राखेवर पाणी मारल्याशिवाय घरी जाऊ नका.

आणि वणवा विझवायला गेलात तर आगीच्या वरच्या अंगाला उभं राहू नका, ज्वाळ वरचं गवत आधीच तापवते त्यामुळं चढावर आग माणसापेक्षा जोरात पळते, आमच्यातला एक पोरगा असाच अडकलेला, थोडक्यात वाचला. आधी वनखात्याच्या 1926 ह्या नंबरला फोन लावा, कुठला डोंगर, कुठल्या अंगाला पेटलंय तेवढं सांगा.

रविवारी सकाळी 6 ला आम्ही वनरक्षकांबरोबर मसाई पठाराच्या पायथ्याला पट्टा कापायला चाललोय. विळा घेऊन या, चहा आमच्याकडं.