पिकल रोडचा मिस्त्री

नमस्कार मंडळी. आज ३ डिसेंबर. २००७ साली याच दिवशी आर्ट आर्फन्स गेले. विमानाची इंजिनं जमिनीवरच्या गाड्यांना जोडण्यात त्यांनी उभा जन्म घालवला. माझं आयुष्य इंजिनं खोलण्यात आणि बसवण्यात गेलं, म्हणून या माणसाबद्दल मला आतून जिव्हाळा आहे.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात अ‍ॅक्रन नावाचं गाव आहे. तिथे पिकल रोडवर आर्फन्स कुटुंबाची जनावरांच्या खाद्याची गिरणी होती. गिरणीच्या घरात वाढलेल्या पोराला पट्टा, बेअरिंग आणि तेल यांची ओळख करून द्यावी लागत नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धात आर्ट अमेरिकी नौदलात डिझेल मेकॅनिक होते.

१९५२ साली ते आणि त्यांचे सावत्र थोरले भाऊ वॉल्ट यांनी पहिली गाडी बनवली. तीन चाकं, ओल्ड्समोबिलचं सहा सिलिंडरचं इंजिन, आणि उरलेला ट्रॅक्टरचा हिरवा रंग. शर्यतीच्या मैदानात निवेदकाने ती पाहिली आणि 'ग्रीन मॉन्स्टर' म्हणून पुकारली. हिरवा राक्षस! पुढे आर्टच्या कितीतरी गाड्यांना हेच नाव लागलं.

मग आलं अ‍ॅलिसन नावाचं विमानाचं इंजिन. युद्ध संपल्यावर लढाऊ विमानांची इंजिनं मोडीच्या भावात निघाली होती. हे इंजिन बारा सिलिंडरचं, २८ लिटरचं. आपल्या साध्या मोटारीचं इंजिन एक-सव्वा लिटरचं असतं, त्यावरून अंदाज करा. पण ताकद आहे म्हणून ते तसंच उचलून गाडीत बसवता येत नाही. हे इंजिन फिरतं मिनिटाला तीनेक हजार फेरे, आणि त्याचा पिळा, म्हणजे फिरवण्याचा जोर, एवढा जबरदस्त की मोटारीचा नेहमीचा गिअरबॉक्स त्यापुढे टिकायचा नाही. जी ताकद पंखा फिरवण्यासाठी होती, ती काही न तोडता चाकांपर्यंत न्यायची, खरी कारागिरी तिथेच. पाव मैलाच्या, म्हणजे चारशे मीटरच्या शर्यतीत या भावांनी भल्याभल्यांना मागे टाकलं.

पुढे दोघा भावांचं फाटलं. दुकानं शेजारी-शेजारी, आणि बोलणं बंद. अ‍ॅक्रन तेव्हा टायर कंपन्यांचं गाव. आर्टच्या मागे फायरस्टोन उभी राहिली, वॉल्टच्या मागे गुडइयर. घराघरांत बांधावरून अबोला धरलेले भाऊ आपण पाहिलेत, तेव्हा हे दुःख मी वेगळं सांगायला नको.

आता जे-७९ नावाच्या इंजिनबद्दल. स्टारफायटर या लढाऊ विमानाचं हे जेट इंजिन. बाहेरची वस्तू आत ओढली जाऊन पाती ठेचली होती, म्हणून ते भंगारात निघालं. आर्टनी सुमारे सहाशे डॉलरला घेतलं. माहितीपुस्तक मागितलं, तर मिळालं नाही, कारण इंजिन लष्करी गुपितात मोडत होतं. मग पुस्तकाविना खोललं. ठेचलेलं एक पातं काढलं, की तोल राहावा म्हणून त्याच्या जोडीची धड पातीही काढायची. अशी हजारातली साठेक पाती त्यांनी काढून टाकली. नंतर ते इंजिन घरामागे झाडांना बांधून सुरू केलं.

मी शिकाऊ होतो तेव्हा आमचे उस्ताद स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनच्या अंगाला लावायचे, मूठ कानाला, आणि डोळे मिटून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचे. जे-७९ ची ती साठ पाती आठवली की मला उस्तादांचे मिटलेले डोळे दिसतात.

१९६४ चा ऑक्टोबर, यूटा राज्यातलं बॉनविलचं मिठाचं सपाट मैदान. २ तारखेला वॉल्टच्या गाडीने ताशी ४१३ मैलांचा जमिनीवरचा विक्रम केला. ५ तारखेला आर्टनी ते जे-७९ लावलेल्या आपल्या गाडीत ४३४ केले. मग क्रेग ब्रीडलव्ह या दुसऱ्या अमेरिकी चालकाने विक्रम ५२६ वर नेला. २७ तारखेला आर्ट ५३६, म्हणजे ताशी ८६० किलोमीटरच्या वर! पुढच्या वर्षी ७ नोव्हेंबरला ५७६ मैल. तो विक्रम आठवडाभर टिकला. ब्रीडलव्ह यांनी सहाशे ओलांडले.

१९६६ च्या नोव्हेंबरात ताशी ६१० मैलांच्या आसपास पुढच्या उजव्या चाकाचं बेअरिंग जाम झालं. गाडी मैलभर कोलांट्या खात गेली आणि तिचे तुकडे झाले. आत बसलेला माणूस खरचटून, डोळ्यांत मीठ जाऊन, जिवंत निघाला. चालकाभोवतीचा तो पिंजरा त्यांनीच बांधलेला होता.

१९७१ मात्र सांगितलंच पाहिजे. डॅलसच्या मैदानात त्यांच्या जेट गाडीच्या अपघातात तीन माणसं गेली, त्यात शेजारी बसलेला एक पत्रकार होता. आर्ट वाचले. या माणसावर माझं कितीही प्रेम असलं, तरी त्या तिघांना वगळून त्याची आठवण काढणं मला जमत नाही.

त्यानंतर ते ट्रॅक्टरने अवजड वजन ओढण्याच्या स्पर्धांकडे वळले. विमानाचं टर्बाइन लावलेला ट्रॅक्टर, आणि बरोबर लेक डस्टी, तीही स्वतः चालवणारी. साठी उलटल्यावर १९८९ मध्ये ते नवी, हलकी गाडी घेऊन पुन्हा बॉनविलला गेले. विक्रम झाला नाही.

गेले तेव्हा ८१ वर्षांचे होते. पुरताना घरच्यांनी त्यांच्या हातात नट-बोल्ट आवळायचे पाने दिले, आणि शेजारी बॉनविलच्या मिठाची एक बरणी ठेवली.