वालहल्ला: डोंगर कापून केलेलं ग्राउंड

नमस्कार मंडळी! मेलबर्नमधल्या आपल्या लोकांना लाँग वीकेंड आला की ग्रेट ओशन रोडच आठवतो, म्हणून आज उलट्या दिशेला, पूर्वेकडच्या गिप्सलँडच्या डोंगरात, वालहल्ला नावाच्या सोन्याच्या खाणींच्या जुन्या गावाला जाऊया. 1860 च्या दशकात नेड स्ट्रिंगर नावाच्या माजी कैद्याला तिथल्या ओढ्याकाठी सोनं सापडलं, थोड्याच महिन्यांत बिचारा वारलाही, पण ओढा आजही त्याच्याच नावाचा.

आता हे गाव म्हणजे काय, तर दोन उभ्या डोंगरांच्या मध्ये एक ओढा आणि एक रस्ता, बस्स. सपाट जागाच नाही, आणि खाणवाल्यांना क्रिकेट तर खेळायचंच! मग काय केलं माहितीये? गावाच्या वरचा डोंगरमाथाच कापला, सपाट केला आणि तिथे ग्राउंड केलं! नाहीतरी दिवसभर खणायचंच होतं. बाहेरची टीम आली की सगळं सामान घेऊन तो चढ चढायची, वर पोचेपर्यंत फास्ट बॉलरला धाप लागलेली, आणि वालहल्लाची पोरं रोजच्या सवयीची, एकदम निवांत. टॉसआधीच अर्धी मॅच खिशात, असं गमतीने सांगतात. बाउंड्रीपलीकडे सरळ उतार, म्हणजे सिक्स मारला की बॉल आणायला कोण जाणार यावरच भांडण होत असणार, नाही का? हल्ली दोर आत ओढून सिक्स मोजतात, त्यात काय राम आहे, असो. ग्राउंड अजून आहे, पायवाटेने वर जाता येतं, सिंहगड चढलेल्यांना काहीच वाटणार नाही.

हां, ड्राइव्ह! गावातून उत्तरेला ॲबरफेल्डीकडे कच्चा रस्ता जातो, कोरड्या दिवसांत सोपा, वाटेत कास्ट आयर्न पॉइंटला थांबा, दूरवर नुसते डोंगर. झाडी दाट दिसते ना, पण खाणींच्या बॉयलरला लाकूड लागायचं म्हणून हे डोंगर तेव्हा बोडके झाले होते, लाँग टनेल खाण 1914 मध्ये बंद पडली आणि मग जंगल हळूहळू परत आलं.

पेट्रोल वाटेतल्या मोई (Moe) गावातच फुल करा, जंगलात रेंजचा भरवसा नाही. आणि एक गोष्ट, रस्ता सोडून झाडीत शिरू नका, जुन्या खाणींचे उघडे खड्डे पाल्याखाली दिसत नाहीत. मुलांचा हात धरा, पुन्हा सांगतो, रस्ता सोडू नका. थंडीत वर बर्फ पडतं, तेव्हा निघण्याआधी रस्ता उघडा आहे का ते बघा. आणि हो, ग्राउंडवर जाताना बॅट न्या, बॉल मात्र दोन-तीन जास्तीचे ठेवा.