बंद पडलेला मिक्सर आणि तापकीर गल्ली

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी मिक्सरबद्दल बोलणार आहे. मिक्सर, टेबलफॅन, इस्त्री, गिझर, आणि ही सगळी यंत्रं दुरुस्त करणारी माणसं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्येच दूध उतू जातंय म्हणून कुणाला उठावं लागलं तरी हरकत नाही. वस्तू बंद पडली म्हणजे ती संपली, असं नसतं. टाकून देण्याआधी ती उघडून बघणाऱ्या माणसाकडे एकदा न्या. एकदा तरी न्याच.

हल्ली घरोघरी एक वाक्य ऐकू येतं. "दुरुस्तीत पैसे घालवण्यापेक्षा थोडे आणखी टाकले की नवीनच येईल." कधीकधी ते खरंही असतं. जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर गेला तर हिशोब करावाच लागतो. पण आपण हे वाक्य हिशोबाच्या आधीच म्हणून मोकळे होतो. पंखा मंद फिरतोय, बहुतेक वेळा त्याचा कंडेन्सर गेलेला असतो. इस्त्री तापत नाही, कित्येकदा वायरच आतून तुटलेली असते. मिक्सरचं भांडं खालून गळतंय, तर त्याचा बुश, म्हणजे पात्याचा दांडा ज्यात फिरतो तो भाग, झिजलेला असतो. ही कामं फार खर्चाची नाहीत. विचारून तर बघायचं!

आता मला जी गोष्ट सांगायची आहे, ती सांगते.

माझी आत्या पुण्यात नारायण पेठेत राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. तिनं मिक्सर घेतला तो शिक्षकांच्या पतपेढीतून कर्ज काढून. तेव्हा पांढराशुभ्र होता, आता पिवळट पडलाय. एका वर्षी गौरी घरी आल्या त्याच संध्याकाळी, खोबऱ्याची चटणी वाटता वाटता हा मिक्सर थांबला. जळका वास आला. बुडाचं लाल बटण दाबून पाहिलं. काही नाही. दुसऱ्या दिवशी गौरीजेवण. सवाष्णी जेवायला येणार, पंचामृत, चटण्या, कोशिंबिरी, पुरण, सगळं व्हायचं होतं.

आत्येभावानं कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं की हे मॉडेल बंद झालंय, पार्ट येत नाहीत, एक्स्चेंजमध्ये देऊन टाका. तो म्हणाला, "आई, मी नवा मागवतो. सकाळी दारात हजर."

आत्यानं विचारलं, "त्या माणसानं उघडून बघितला का?"

"नाही गं, फोनवर कसा बघणार?"

"मग त्याला कळलं कसं? ऊठ गं," हे मला, "पिशवी धर."

निघालो. श्रोतेहो, ज्यांना गणपतीतलं पुणं माहीत आहे, त्यांना सांगायला नको. लक्ष्मी रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती, रिक्षा मिळायचा प्रश्नच नव्हता. मी मिक्सरची पिशवी पोटाशी धरलेली आणि आत्या पुढे वाट काढतेय. बुधवार पेठेतली तापकीर गल्ली म्हणजे विजेच्या सामानाची जुनी बाजारपेठ. त्या दिवसांत ती दिव्यांच्या माळांनी नुसती लखलखत असते. सगळी गिऱ्हाइकं माळा घ्यायला आलेली. आम्हाला हवं होतं ते दुकान एका जिन्याखाली होतं. आत एक काका, एक स्टूल, आणि भिंतभर लहान लहान खण.

काकांनी मिक्सर लगेच उघडला नाही. पूर्वीचे घरचे डॉक्टर नाडी धरून जसे विचारायचे, तसे त्यांनी प्रश्न विचारले. "काय वाटत होतात? ओलं खोबरं की सुकं? आवाज आधी बदलला होता, की एकदम थांबला?"

आत्या म्हणाली, "चार दिवस खालच्या जाळीतून ठिणग्या दिसत होत्या."

"मग कार्बन," काका म्हणाले, आणि त्यांनी स्क्रू काढायला घेतले.

मिक्सरच्या मोटरला दोन्ही बाजूंनी कार्बनचे दोन लहान तुकडे टेकलेले असतात. मागून स्प्रिंग त्यांना दाबून धरते, त्यांच्यातून फिरत्या भागाला वीज मिळते. ते झिजायचेच, झिजण्यासाठीच केलेले असतात. आत्याच्या मिक्सरमधला एक बरा होता, दुसरा नखाएवढा उरला होता. काकांनी तो चिमटीत धरून आम्हाला दाखवला. मग आतला तांब्याचा काळवंडलेला भाग बारीक पॉलिशपेपरनं घासला, आणि तांब्याच्या पट्ट्यांमधल्या फटी एका टोकदार सळईनं एकेक करून साफ केल्या. बाहेर ढोल वाजत होते, शेजारी माळांची घासाघीस चालली होती. त्यांचं लक्ष हाललं नाही.

आणि आता ऐका. त्या मॉडेलचा कार्बन त्यांच्याकडेही नव्हता. सर्व्हिस सेंटरचं बोलणं तेवढ्यापुरतं खरं होतं. पण काकांनी एका खणातून जरा जाड कार्बनची जोडी काढली, काचपेपर फळीवर ठेवला आणि त्यावर तो तुकडा घासायला लागले. थोडं घासायचं, खाचेत घालून बघायचं. अडला की पुन्हा घासायचं. दोन्ही तुकडे खाचेत सरकन आत जायला लागले, तेव्हा थांबले. पार्ट मिळत नव्हता, तर त्यांनी तो आमच्यासमोर बसून बेतून दिला.

झाकण लावण्याआधी मी आत डोकावले. बुडाच्या आतल्या बाजूला पुसट अक्षरांत लिहिलेलं होतं, "कार्बन बदलला, १९९८." आधीच्या कुण्या कारागिरानं लिहून ठेवलेलं. काकांनी मार्कर काढला आणि त्याखाली त्या दिवसाची तारीख आणि घासलेल्या कार्बनचं माप लिहिलं. मी विचारलं, हे कशासाठी? म्हणाले, "पुढं जो उघडेल, त्याला सोपं जाईल."

मग आधी सिरीज बल्बवर, म्हणजे विजेच्या वाटेत एक बल्ब जोडून, तपासणी, नंतर थेट बोर्डावर. मिक्सर सुरू झाला. काकांनी त्यावर तळवा ठेवला आणि काही क्षण तसाच धरला. "बाई, मोटर ठणठणीत आहे. वाइंडिंगला धक्का नाही. एकशेवीस द्या." आत्यानं पैसे दिले आणि विचारलं, "तुमच्या हाताखाली कुणी शिकतंय का?"

"कोण शिकणार? मुलगा कुरिअरमध्ये आहे. तिथं पगाराची तारीख ठरलेली आहे. या स्टुलावर बसणाऱ्या मुलाला कुणी मुलगी देत नाही, बाई."

दुसऱ्या दिवशी गौरीच्या ताटातल्या सगळ्या चटण्या त्याच मिक्सरवर वाटलेल्या होत्या. पण माझ्या मनात राहिलं ते काकांचं बोलणं. ज्या हाताला कार्बन घासून बेताचा करता येतो, त्या हाताला समाजात मान नाही. ही साधी गोष्ट नाही, आणि मला ती मनापासून सलते. कार्यानुभवाचा तास आम्हाला होता, तो मुलं आजही कागदाची फुलं करण्यात घालवतात. दहावीपर्यंतच्या प्रत्येक मुलामुलीला प्लगची वायर जोडता आली पाहिजे, टेस्टर धरता आला पाहिजे. घरात भिंतभर टीव्ही आहे आणि एक स्क्रूड्रायव्हर नाही, हे मला पटत नाही.

आणि नवीन फ्लॅटमध्ये सामान ठेवायचा माळा का ठेवत नाहीत, हेही मला कळत नाही. माळा होता तेव्हा बंद पडलेला पंखा वर जायचा, सवड झाली की खाली यायचा आणि दुरुस्त व्हायचा. आता ठेवायला जागाच नाही, म्हणून वस्तू थेट भंगारात. घर बांधणाऱ्यांनी याचा विचार करायला हवा.

या भंगाराचं पुढं काय होतं, ते थोडक्यात सांगते. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला. त्यातला नीट गोळा होऊन पुन्हा वापरात आल्याची नोंद आहे ती चौथ्या हिश्श्याहूनही कमी. पुन्हा सांगते, चौथ्या हिश्श्याहूनही कमी. असा कचरा करणाऱ्या देशांत आपण चीन आणि अमेरिकेच्या पाठोपाठ आहोत.

काही चांगलंही घडतंय. फ्रान्समध्ये २०२१ साली मोबाइल, लॅपटॉप, वॉशिंग मशीन अशा वस्तूंवर ती दुरुस्त करायला किती सोपी आहे याचे दहापैकी गुण छापणं सक्तीचं झालं. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केलं. राइट टू रिपेअर इंडिया, असं त्याचं नाव. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं, हे चार विभाग त्यात आहेत. शेतीची अवजारं त्यात आहेत हे फार बरं झालं. ऐन पेरणीत ट्रॅक्टर अडला तर शेतकऱ्यानं काय करायचं? आता एवढंच व्हायला हवं की यंत्राबरोबरची माहितीपुस्तिका मराठीत मिळावी, आणि वाचता येईल अशा अक्षरात.

तेव्हा श्रोतेहो, दिवाळीची साफसफाई काढाल तेव्हा बंद पडलेल्या वस्तू वेगळ्या काढून ठेवा. तुमच्या गावात, पेठेत, बाजारात दुरुस्ती करणारं कोण बसतं ते विचारून घ्या आणि काम झालं की त्यांचा नंबर शेजाऱ्यांनाही द्या. सांगितलेली मजुरी द्या, एकशेवीसच्या कामाला साठ रुपयांवर अडू नका. नवी वस्तू घ्यायचीच असेल तर बिल करण्याआधी दुकानदाराला दोन गोष्टी विचारा. सुटे भाग किती वर्षं मिळतील, आणि दुरुस्ती कुठं होईल. वॉरंटीच्या मुदतीतही दाद लागत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५. एक नऊ एक पाच. लिहून घ्या, एक नऊ एक पाच.

नमस्कार.