आजीने अंगावर शाल टाकली : इंग्रजीत काय म्हणावे?

श्रोतेहो, नमस्कार.

नाशिकमध्ये मी अनेक वर्षे शाळकरी मुलांना इंग्रजी शिकवतो. मागच्या हिवाळ्यात थंडीवर चार ओळी लिहायला सांगितल्या, तेव्हा निफाडकडच्या एका मुलीने वहीत लिहिले : ‘माय ग्रँडमदर थ्रू अ शॉल ऑन मी.’ व्याकरणाच्या दृष्टीने या वाक्यात खोट काढण्याजोगे काही नव्हते. परंतु ते वाचताना असे वाटत होते, की आजी नातीवर रागावली असावी आणि तिने हातातली शाल तिच्या अंगावर फेकली असावी. मुलीच्या मनात मात्र ‘आजीने माझ्या अंगावर शाल टाकली’ हे मायेने भरलेले मराठी वाक्य होते.

आपले ‘टाकणे’ हे क्रियापद फार मोठ्या मनाचे आहे. आपण भाजीत मीठ टाकतो, पेटीत पत्र टाकतो, मुलाला शाळेत टाकतो, खांद्यावर टॉवेल टाकतो आणि केरही टाकतो. त्यात माया आहे की बेफिकिरी, हे क्रियापद सांगत नाही. ते आपण प्रसंगावरून ओळखतो. इंग्रजीत मात्र हात कसा हलला, वस्तू जड होती की हलकी, ती कडक होती की लुळी, आणि हे करणाऱ्याचे तिच्याकडे कितपत लक्ष होते, यांवर क्रियापद बदलते. म्हणून ‘टाकणे’ म्हणजे ‘थ्रो’ हे समीकरण पाठ करून चालत नाही.

शालीसाठी योग्य शब्द ‘ड्रेप’ हा आहे. त्याचे मूळ फ्रेंच भाषेतल्या कापडवाचक शब्दात आहे, आणि कापडाचा गुण त्याने आजही सोडलेला नाही. जी वस्तू आपल्याच वजनाने सैल पडते, जिला चुण्या पडतात, तीच ‘ड्रेप’ होते. येवल्याची पैठणी नेसून पदर डाव्या खांद्यावरून मोकळा सोडला, तर इंग्रजीत तो खांद्यावर ‘ड्रेप’ केला, असे म्हणतात. वही किंवा पुठ्ठा ‘ड्रेप’ करता येत नाही. माणसाचा हात मात्र करता येतो. खुर्चीच्या पाठीवर कोणी हात सैल टाकून बसला असेल, तर तिथे हाच शब्द शोभतो, कारण त्या क्षणी तो हात कापडासारखाच लुळा असतो.

‘स्लिंग’ हा शब्द मला विशेष आवडतो, कारण तो आपल्या शेतात सापडतो. बाजरीच्या शेतात माळ्यावर उभा राहून पाखरे हाकणारा राखणदार जी गोफण फिरवतो, तिला इंग्रजीत ‘स्लिंग’ म्हणतात. हात मोडल्यावर डॉक्टर ज्या झोळीत हात ठेवून ती गळ्यात अडकवतात, तीही ‘स्लिंग’च. दोन्हीकडे वजन पेलणारा एक लोंबता पट्टा आहे. हे चित्र डोळ्यांसमोर ठेवले, की क्रियापदही समजते : कॉलेजातला मुलगा दप्तर एका खांद्याला अडकवून निघतो, किंवा ऊन वाढल्यावर स्वेटर काढून खांद्यावर टाकतो, तेव्हा ती वस्तू तो ‘स्लिंग’ करतो. त्यात थोडी बेपर्वाई आहे आणि वस्तूचे लोंबणेही आहे. आजीच्या शालीला हा शब्द लावला, तर पुन्हा चूक होईल. या क्रियापदाचा भूतकाळ ‘स्लंग’ असा होतो, तसाच ‘फ्लिंग’चा ‘फ्लंग’. शेवटी ‘एड’ जोडू नये.

‘फ्लिंग’ म्हणजे आपले भिरकावणे. त्यात सबंध हाताचा जोर असतो आणि बहुधा मनाचाही. परीक्षा संपल्यावर दप्तर पलंगावर भिरकावले, तर ‘फ्लंग’. पण हा जोर रागाचाच असतो असे नाही. बऱ्याच दिवसांनी घरी आलेल्या वडिलांच्या गळ्यात मुलगी पडली, तर इंग्रजीत तिने आपले हात त्यांच्या गळ्याभोवती ‘फ्लंग’ केले, असे म्हणतात. इथे मराठीतले ‘भिरकावणे’ मुळीच चालणार नाही.

‘टॉस’ हलका आहे. किल्ल्या टेबलावर टाकल्या, टोमॅटो उचलून पिशवीत टाकला, तर ‘टॉस्ड’. चिवडा करताना पोहे आणि फोडणी हलक्या हाताने वरखाली करतात, त्यालाही हाच शब्द लागू पडतो. रामकुंडात नाणे टाकणाऱ्याविषयी लिहिताना मात्र जपावे. नुसते ‘टॉस अ कॉइन’ म्हटले, तर क्रिकेटमधली नाणेफेक डोळ्यांपुढे येते. पुढे ‘इंटू द वॉटर’ जोडले, की अर्थ पाण्याकडे वळतो. तरीही जो माणूस डोळे मिटून, नाणे कपाळाला लावून ते गोदावरीला वाहतो, त्याच्यासाठी ‘टॉस’ हा शब्द उथळ आहे. तिथे ‘ऑफर’ म्हणावे.

‘चक’ म्हणजेही निष्काळजीपणे टाकणे, पण हा घरगुती बोलण्यातला शब्द आहे. तो अर्जात किंवा निबंधात वापरू नये.

‘थ्रो’ला टाकाऊ समजू नये, एवढे मात्र सांगायला हवे. ‘थ्रो टू’ म्हणजे झेलण्यासाठी फेकणे आणि ‘थ्रो अॅट’ म्हणजे लागावे म्हणून फेकणे, हा फरक एका लहानशा शब्दावर उभा आहे. आणि घाईत अंगात शर्ट अडकवून बाहेर पडणाऱ्यासाठी इंग्रजीत ‘थ्रू ऑन अ शर्ट’ इतके चपखल दुसरे काही मला आठवत नाही.

त्या मुलीला मी ‘ड्रेप्ड’ हा शब्द सांगितला. तिने तो लिहिला, थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, “सर, आजीने नुसती टाकली नाही, कडा माझ्या हाताखाली खोचलीसुद्धा.” मी तिला ‘टक’ हे क्रियापद फळ्यावर लिहून दिले. मग तिचे वाक्य असे झाले : ‘माय ग्रँडमदर ड्रेप्ड अ शॉल अराउंड मी अँड टक्ड इट अंडर माय आर्म.’