काका, कॅसिओ बंद पडलाय

पावसाळ्यात नाशिककर गोदावरीचं पाणी मोजतात ते नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर. कमरेला लागलं, छातीला लागलं. रविवार कारंज्याजवळ एका अरुंद जिन्याच्या वर, छोट्या खोलीत बसणाऱ्या काकांचं मोजमाप मात्र वेगळंय, टेबलाखाली दुरुस्तीला आलेले किती वाजवायचे कीबोर्ड उभे आहेत त्यावरून ते सांगतात यंदा हवेत ओल किती आहे.

गणपतीला आता आठ दिवस राहिलेत आणि रांग जिन्यापर्यंत आलीये.

कंपनी कुठलीही असो, गिऱ्हाईक म्हणणार कॅसिओच. "काका, कॅसिओ बंद पडलाय, बघता का जरा." काका लगेच स्क्रू ड्रायव्हर घेत नाहीत. आधी विचारतात, अ‍ॅडाप्टर कुठला लावला होता? कारण घरातल्या ड्रॉवरमध्ये राउटरचा, टेबल लॅम्पचा, कशाचा ना कशाचा अ‍ॅडाप्टर पडलेला असतोच, पिन बसली की लोक समजतात जमलं. यामाहाच्या छोट्या कीबोर्डना बहुतेक वेळा 12 व्होल्ट लागतात आणि प्लस पिनच्या आत असतो. कॅसिओच्या जुन्या मॉडेलना 9 व्होल्ट, आणि तिथे प्लस बाहेर, मायनस आत! कीबोर्डच्या मागे गोल-गोल छोटं चित्र छापलेलं असतं ना, ते हेच सांगत असतं, पण ते बघतंय कोण.

स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज येत असेल तर काका अ‍ॅडाप्टर काढून सेल टाकतात. आवाज गेला? मग दोष अ‍ॅडाप्टरचा, कीबोर्डला हात लावायची गरजच नाही.

आणि लाइट लागते, डिस्प्ले चालतो, पण आवाज शून्य? काका इअरफोनची पिन त्या भोकात चार-पाच वेळा आत-बाहेर करतात. आत एक बारीक पत्ती असते, पिन घातली की ती स्पीकरचा संपर्क तोडते, आणि कधी कधी पिन काढल्यावरही तशीच अडकून राहते. एवढंच. याचे पैसे काका घेत नाहीत, चहा घेतात.

पंचवटीतल्या भजनी मंडळाच्या ताई आल्यात. तक्रार अशी की कीबोर्ड बेसूर झालाय, पेटीशी जुळतच नाही. काका एक बटण दाबून बघतात, ट्रान्सपोज अधिक एकवर. म्हणजे बोट पांढरी एकवर आणि वाजतेय काळी एक! कुणीतरी गाताना सोयीसाठी वर चढवलं आणि परत खाली आणायचं राहिलं. ताई हसतात, "अहो, आम्ही तर पेटीवाल्यालाच बोलत होतो."

खरं काम पुढच्या कीबोर्डचं आहे. मधल्या दोन पट्ट्या मुक्या आणि तिसरी हळू दाबली तरी किंचाळते.

झाकण उघडायला वीसेक स्क्रू काढावे लागतात, आणि कुठला लांब कुठला आखूड ते लक्षात ठेवावं लागतं, काका ते कागदावर त्याच जागी टोचून ठेवतात. पट्ट्यांखाली रबराची लांब फीत निघते, तिला छोटे घुमट, घुमटाच्या पोटात कार्बनचे काळे ठिपके. पट्टी दाबली की ठिपका सर्किटवर टेकतो आणि सूर लागतो. दाब ओळखणाऱ्या कीबोर्डात एका पट्टीला दोन ठिपके असतात, एक आधी टेकतो एक नंतर, मधला वेळ जितका कमी तितका आवाज मोठा. त्यातल्या एकावर ओल, धूळ, अगरबत्तीची राख बसली की हिशोब चुकतो, म्हणून ती किंचाळते. काका आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाला लावून हलकेच पुसतात. पेट्रोल नाही, थिनर तर अजिबात नाही, रबर फुगतं. ठिपका ब्लेडने खरवडायचाही नाही, कार्बन गेला की पट्टी गेली. पुसलं की पूर्ण सुकू द्यायचं, घाई नाही.

शेवटचा कीबोर्ड एका शाळकरी मुलाचा. यात एक-दोन नाही, ठराविक अंतराने प्रत्येक आठवी पट्टी बंद आहे. काका रबर काढतसुद्धा नाहीत. धूळ असं मोजून बसत नाही, हे वायरच्या चपट्या रिबनचं किंवा बोर्डाचं दुखणं. भिंगातून रिबनच्या टोकाशी बघतात, एक तार तुटलेली दिसते.

"गणपतीनंतर ये रे," काका मुलाला म्हणतात, आणि कीबोर्ड जमिनीला न टेकता लाकडी फळीवर उभा करतात.